मेंदूच्या उलटलेल्या (पुन्हा उगवलेल्या) कॅन्सरवर गाठीतच किरणोत्सारी औषध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करते. डॉक्टर नाही. किरणोत्सारी औषधाचा डोस मोजणं, तो योग्य माणसाला योग्य वेळी मिळतोय ना हे पाहणं, हे माझं रोजचं काम. मेंदूच्या गाठीत थेट सोडायच्या रेनियम औषधाची बातमी आल्यापासून नात्यातले, शेजारचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये ज्याची चाचणी सुरू झाली त्या रेनियम-१८६ औषधाबद्दलच मुख्यतः लिहिलं आहे. तुमच्या घरच्या माणसाचा निर्णय मात्र त्याची फाइल पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

ही नेमकी कुठल्या कॅन्सरची गोष्ट आहे?

ग्लायोब्लास्टोमाची. मेंदूत पेशींना आधार देणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशी असतात, त्यांच्या जातीचा हा कॅन्सर. चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सगळ्यात आक्रमक. फुप्फुसातून किंवा स्तनातून मेंदूत पसरलेला कॅन्सर वेगळा, मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, वेगळी. रिपोर्टवर काय लिहिलंय ते आधी वाचा. मला आलेल्या फोनपैकी बरेचसे दुसऱ्याच गाठीबद्दलचे निघाले.

ऑपरेशनच्या वेळी 'सगळी गाठ काढली' असं सांगितलं होतं. मग उलटला कसा?

सर्जनला दिसली तेवढी सगळी काढली, असा त्याचा अर्थ. ग्लायोब्लास्टोमाला काठ नसतो. पाण्यात शाई सोडली की कडेला फिकट होत जाते पण संपते कुठे ते सांगता येत नाही, तसं. हाताच्या बोटात गाठ असती तर चारी बाजूंनी चांगला भाग घेऊन कापता आली असती. मेंदूत तसं करायला गेलं तर माणसाचं बोलणं जातं, हात जातो, ओळख जाते.

म्हणून ऑपरेशननंतर सहा आठवडे शेक, म्हणजे बाहेरून किरण, देतात, एकूण ६० ग्रे (ग्रे हे ऊतींना पोचलेल्या किरणांचं माप), आणि त्याबरोबर टेमोझोलोमाइड या कीमोच्या गोळ्या. २००५ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीतून ही पद्धत रूढ झाली. नुसत्या शेकाने मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, १२.१ महिने होतं, गोळ्या जोडल्यावर १४.६ झालं. अडीच महिन्यांचा हा फरक वाचून लोक गप्प होतात. पण दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं, तेही त्याच चाचणीतून कळलं. आजही पहिल्या फेरीचा पाया तोच आहे.

उलटतो तेव्हा तो बहुतेक वेळा जुन्या जागेजवळच उगवतो, दोनेक सेंटिमीटरच्या परिसरात. शरीरभर क्वचितच पसरतो. औषध थेट त्याच जागी नेऊन सोडावं ही कल्पना यातूनच आली.

मग पुन्हा शेक का देत नाहीत?

देतात, पण हात राखून. बाहेरून येणारा किरण गाठीपर्यंत पोचताना वाटेतल्या चांगल्या मेंदूतून जातो, आणि त्या मेंदूने आधीच ६० ग्रेच्या आसपास पचवलेले असतात. दुसऱ्या वेळी साधारण ३५ ग्रे, दहा दिवसांत विभागून, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी असतो. त्याने गाठ काही काळ आटोक्यात राहू शकते. आयुष्य वाढतं असं मात्र मोठ्या तुलनेत दिसलेलं नाही.

उरलेले पर्याय म्हणजे पुन्हा ऑपरेशन, लोमुस्टिन या कीमोच्या कॅप्सूल आणि बेव्हासिझुमॅब हे औषध. बेव्हासिझुमॅबने सूज उतरते, स्टिरॉइड कमी करता येतात, माणसाला हुशारी वाटते. पण युरोपातल्या ४३७ रुग्णांच्या चाचणीत लोमुस्टिनबरोबर ते दिलं तरी आयुर्मानात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ९.१ महिने, नुसत्या लोमुस्टिनच्या गटात ८.६. हा ८.६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रेनियम म्हणजे काय? आणि ते गाठीतच कसं थांबतं?

रेनियम हा एक दुर्मीळ धातू. अणुभट्टीत त्याच्यावर न्यूट्रॉनचा मारा केला की रेनियम-१८६ मिळतं. त्यातून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा कण हे कामाचे. ऊतींमध्ये ते सरासरी दोनेक मिलिमीटर जातात आणि तिथेच आपली ऊर्जा ओततात. दुसरा थोडासा गॅमा किरण. तो शरीराबाहेर येतो, त्यामुळे औषध आत कुठे पोचलं ते कॅमेऱ्याने दिसतं. माझ्यासारखीला ही मोठीच सोय. नाहीतर औषध आत सोडल्यावर सगळं डोळे मिटून.

पण नुसतं रेनियम मेंदूत सोडलं तर ते थोड्या वेळात रक्तात निघून जाईल. म्हणून ते लिपोसोममध्ये भरतात. लिपोसोम म्हणजे चरबीचा सूक्ष्म फुगा, साधारण १०० नॅनोमीटरचा. रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर असे सत्तर फुगे शेजारी शेजारी मावतील. रेनियमला एका वाहक रेणूला बांधून फुग्यात घालतात. आत गेल्यावर त्याचं रासायनिक रूप बदलतं आणि बाहेर पडता येत नाही. चक्रव्यूहात शिरलेल्या अभिमन्यूसारखं, आत जाता येतं, परतीची वाट नाही. फुगे मोठे असल्याने ते गाठीच्या जागेतून लवकर हलत नाहीत. सॅन अँटोनिओ इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात हे तंत्र घडलं.

सलाइनमधून शिरेत का देत नाहीत? मेंदूत नळी घालायची गरजच काय?

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं पलीकडे जातच नाहीत. गाठीच्या मध्यभागी हा पहारा ढिला झालेला असतो, पण कडेला, जिथे तुरळक कॅन्सरपेशी चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात, तिथे तो शाबूत असतो. म्हणजे नेमकं जिथे औषध हवं तिथेच ते पोचत नाही.

यावर १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मांजरांच्या मेंदूवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारीक नळीतून अगदी मंद पण सतत दाबाने द्रव सोडला तर तो पेशींच्या मधल्या फटींतून आपोआप दूरवर सरकतो. नुसतं इंजेक्शन दिलं तर औषध टोचल्या जागेभोवती काही मिलिमीटरच झिरपतं. दाब चालू ठेवला तर सेंटिमीटरच्या हिशेबात पसरतं. कुंडीत तांब्याभर पाणी एकदम ओतलं तर कडेने वाहून जातं, ठिबक लावलं तर सगळी माती भिजते. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रत्यक्ष देतात कसं?

आधी एमआरआयवर आखणी. नळीचं टोक कुठे ठेवायचं, एक नळी की जास्त, औषध कुठवर पसरेल, हे संगणकावर ठरवतात. मग न्यूरोसर्जन कवटीला छोटं छिद्र पाडून नळ्या बसवतात.

त्यानंतर आमच्या लोकांचं काम. औषध शिशाच्या जाड डब्यात येतं. डबा उचलताना मनगटावर जो भार येतो तो औषधाचा नसतो, शिशाचा असतो. आतली बाटली बोटाएवढी. ती लांब चिमट्याने काढून मोजणीयंत्राच्या विहिरीत सोडायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. आकडा आणि घड्याळ दोन्ही लिहायचं, कारण हे औषध वाट पाहत नाही. रेनियम-१८६ चा अर्धायुकाल साधारण ८९ तास आहे, म्हणजे पावणेचार दिवसांत ते निम्मं होतं. ऑपरेशन थिएटर मिळायला बारा तास उशीर झाला तर बाटली न उघडताच सुमारे नऊ टक्के औषध गेलेलं असतं. इतर आजारांत 'उद्या देऊ' म्हणता येतं. इथे उद्याचा डोस वेगळा असतो.

मग पंप. चाचणीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ८.८ मिलिलिटर औषध द्यायचं होतं, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांहूनही कमी. वेगाची मर्यादा मिनिटाला २० मायक्रोलिटर. सलाइनच्या नळीतला एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो, तेव्हा हे झालं मिनिटाला अर्ध्या थेंबाहूनही कमी. या वेगाने एकाच नळीतून द्यायचं म्हटलं तर सात तास वीस मिनिटं लागतील. रुग्ण जागा असतो, आणि पंपाच्या काचेवरचा आकडा हलतोय की नाही हे पाहायला जवळ जावं लागतं.

औषध संपल्यावर नळ्या काढतात. पुढचे काही दिवस स्पेक्ट स्कॅन (गॅमा किरण टिपणारा कॅमेरा) करून औषध किती राहिलं, कुठे गेलं, ते मोजतात. उपचार एकदाच, सहा आठवडे रोज जाणं नाही.

नळी थोडी इकडेतिकडे झाली तर?

सगळा खेळ तिथेच आहे, आणि याचा कडू अनुभव जगाने घेतलेला आहे. याच ठिबक पद्धतीने एक वेगळं औषध देऊन २९६ रुग्णांची मोठी चाचणी झाली होती. ते किरणोत्सारी नव्हतं, जिवाणूच्या विषापासून बनवलेलं होतं. तिचा निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेतल्या उपचारापेक्षा आयुष्य वाढलं नाही. नंतर नळ्यांच्या जागा तपासल्या तेव्हा जेमतेम निम्म्याच ठरलेल्या नियमांप्रमाणे बसलेल्या निघाल्या. नळी एखाद्या पोकळीजवळ, भेगेजवळ आली की औषध सोप्या वाटेने तिकडे निघून जातं.

आणि त्या औषधाला चमक नव्हती. ते कुठे गेलं हे चाचणी चालू असताना कोणाला दिसत नव्हतं. म्हणून रेनियमचा तो थोडासा गॅमा किरण मला जास्त मोलाचा वाटतो. औषध चुकलं तर निदान चुकलेलं दिसतं.

चाचणीचा निकाल काय लागला?

पहिल्या टप्प्याचा निकाल २०२५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आला. एकूण २१ रुग्ण, सगळ्यांचा कॅन्सर उलटलेला. डोस पायरीपायरीने वाढवला, १ मिलिक्युरीपासून २२.३ मिलिक्युरीपर्यंत (मिलिक्युरी हे औषधातल्या किरणोत्साराचं माप). डोस थांबवावा लागेल असा त्रास कोणत्याही पायरीवर झाला नाही. पहिल्या टप्प्याचा मुख्य प्रश्नच हा असतो की किती देणं सुरक्षित आहे. त्याचं उत्तर चांगलं मिळालं, आणि २२.३ मिलिक्युरीचाच डोस दुसऱ्या टप्प्यासाठी निवडला गेला.

आयुर्मानाचा हिशेब त्यासोबत आला. सगळ्यांचं मिळून मध्यम आयुर्मान ११ महिने. ज्यांच्या गाठीला १०० ग्रेपेक्षा जास्त मात्रा पोचली त्यांचं १७ महिने, ज्यांना कमी पोचली त्यांचं ६ महिने.

१७ विरुद्ध ६! मग सिद्धच झालं ना?

नाही. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रात '१७ महिने' मोठ्या अक्षरात असतं आणि खाली कुठेतरी '६'. पाहणाऱ्याला वाटतं की औषध घेतलेल्यांचे १७ आणि न घेतलेल्यांचे ६. तसं नाही. औषध सगळ्यांनीच घेतलं. फरक इतकाच की काहींच्या गाठीत ते नीट भरलं, काहींच्या नाही.

आता विचार करा, कोणाच्या गाठीत नीट भरतं? ज्याची गाठ लहान, गोल, पोकळ्यांपासून लांब आहे त्याच्या. गाठ मोठी, वेडीवाकडी असेल तर थोडं औषध पुरत नाही. आणि लहान, सोप्या जागी गाठ असलेला माणूस या औषधाशिवायही जास्त जगण्याची शक्यता असते. शिवाय सुरुवातीच्या पायऱ्यांवरच्या रुग्णांना डोसच कमी होता. मग १७ महिने औषधामुळे मिळाले की गाठच तशी होती म्हणून? २१ जणांवरून हे सुटं करता येत नाही. ज्या पोरांनी पुस्तक पूर्ण वाचलं त्यांना जास्त गुण मिळाले म्हणून गुण पुस्तकामुळेच मिळाले असं ठरत नाही. हुशार पोरंच पुस्तक पूर्ण वाचतात, हेही असू शकतं.

तसंच ११ महिने आणि मघाचे ८.६ महिने शेजारी ठेवून 'अडीच महिने वाढले' म्हणू नका. दोन चाचण्यांतली माणसं वेगळी. कवटीला छिद्र पाडून घेण्याइतका धडधाकट माणूसच या चाचणीत येतो. त्याने निकालाचं पारडं आधीच थोडं झुकलेलं असतं.

तरीही हा आकडा कचरा नाही. जास्त मात्रा पोचली तर जास्त फायदा, असा संबंध असावा ही अपेक्षा होती आणि तसं दिसलं. उलट दिसलं असतं तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. पुढच्या टप्प्यात रुग्ण वाढतील. आणि कधीतरी चिठ्ठी टाकून दोन गट पाडावे लागतील, एकाला हे औषध, दुसऱ्याला नेहमीचा उपचार. खरं उत्तर त्या दिवशी मिळेल. आजच्या घडीला मी याला 'आशा धरायला जागा आहे' इतकंच म्हणेन, आणि हे मी माझ्या मावशीलाही असंच सांगितलं.

१०० ग्रे? शेक तर ६० चाच असतो. मेंदू जळणार नाही का?

दोन्ही ग्रे सारखे मोजू नका. शेकात रोज दोन ग्रे मिनिटाभरात पडतात आणि मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. इथे मात्रा दिवसेंदिवस हळूहळू झिरपते आणि आपसूक उतरत जाते. त्यामुळे १०० आणि ६० यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. दुसरं म्हणजे बीटा कणांची धाव दोन मिलिमीटरची. गाठीच्या काठापलीकडे मात्रा झपाट्याने उतरते, आणि बाहेरून वाट काढत येण्याचा प्रश्नच नाही.

एक गंमत सांगते. थायरॉइड कॅन्सरला आयोडीन-१३१ चा डोस अनेकदा १०० मिलिक्युरीचा असतो. इथे २२.३, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी. तरी गाठीला मात्रा प्रचंड, कारण सगळं औषध लिंबाएवढ्या जागेत कोंडलेलं.

धोके कुठले?

कवटीतून नळी घालायची म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका आला, औषध कुठलंही असो. सूज येऊन डोकेदुखी, आकडी, बोलण्यात अडखळणं वाढू शकतं. त्यासाठी स्टिरॉइड आणि आकडीच्या गोळ्या चालू असतात. काही महिन्यांनी मारलेल्या गाठीच्या जागी ऊती कुजण्याचाही संभव असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, तिथे लपवाछपवी जिवावर बेतते.

घरात लहान नातवंडं आहेत. त्यांना किरणांचा त्रास होईल?

हा प्रश्न बहुतेक थायरॉइडच्या अनुभवातून येतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी आयोडीनचा मोठा डोस घेतलेल्या माणसाला वेगळ्या खोलीत ठेवतात, संडासाचं पाणीही टाकीत साठवून मग सोडतात, हे बऱ्याच घरांनी पाहिलेलं असतं. आयोडीनचा गॅमा किरण जोरकस असतो आणि औषध घाम-लघवीतून बाहेर येतं. रेनियम-१८६ चा गॅमा कमी आणि दुबळा, आणि औषध बरंचसं गाठीतच बसतं. तरी सुरुवातीचे दिवस लघवीनंतर दोनदा फ्लश करणं, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मांडीला मांडी लावून न बसणं, अशा सूचना मिळाल्या तर त्या पाळायच्या. साधारण ३७ दिवसांत रेनियम हजाराव्या हिश्शावर येतं.

ताट, पेला, अंथरूण वेगळं करून माणसाला वाळीत टाकू नका. तसं करणारी घरं मी पाहिली आहेत.

उपचारानंतरच्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली. वाया गेलं का?

लगेच तसं समजू नका. किरणांचा मार बसलेली जागा सुजते आणि एमआरआयमध्ये गाठीसारखीच उजळते. पहिल्या शेकानंतरही हे होतं. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून तुलना करतात, कधी पेट किंवा परफ्यूजन स्कॅनची मदत घेतात. एका फिल्मवरून रडू नका, एका फिल्मवरून पेढेही वाटू नका.

गॅमा नाइफ, खारघरचं प्रोटॉन, हे सगळं तेच का?

नाही. गॅमा नाइफमध्ये कोबाल्टचे स्रोत यंत्रात असतात, डोक्यात काही घालत नाहीत. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा रुग्णालयाच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन देतात, तोही बाहेरून येणारा किरणच, फक्त ठरावीक खोलीवर थांबणारा. ऑपरेशनच्या पोकळीत सीझियम-१३१ चे दाणे लावलेल्या चकत्या ठेवण्याचीही एक पद्धत अमेरिकेत आहे. ती रेनियमच्या जवळची, पण त्यासाठी आधी कवटी उघडून गाठ काढावी लागते.

अशा आणखी कुठल्या चाचण्या चालू आहेत?

मला लक्ष ठेवावंसं वाटतं अशा दोन. पहिलीत फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाला आयोडीन-१३१ जोडतात आणि शिरेतून देतात. मेंदूला अमिनो आम्लं लागतात, त्यामुळे पहाऱ्यातही त्यांच्यासाठी दार आहे, आणि गाठीच्या पेशींवर ते दार जास्त प्रमाणात असतं. औषध त्या दारातून आत शिरतं, डोकं उघडावं लागत नाही. पहिल्या छोट्या चाचणीत दहा रुग्णांना ते पुन्हा दिलेल्या शेकाबरोबर दिलं.

दुसरी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातली. तिथे आयोडीन-१२३ अशा रेणूला जोडलंय जो डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनाला चिकटतो. डोक्याच्या कातडीखाली एक छोटी टाकी बसवतात आणि दर आठवड्याला तिच्यात औषध टोचतात. या आयोडीनमधून निघणारे ऑजे इलेक्ट्रॉन एका पेशीची रुंदीही ओलांडत नाहीत. म्हणजे औषध डीएनएच्या उशाशी जाऊन बसलं तरच उपयोग, नाहीतर फुकट. रेनियमच्या बरोबर उलटा विचार. रेनियमवाले म्हणतात शेजारच्या पेशीही मेल्या पाहिजेत, हे म्हणतात शेजाऱ्याला धक्का लागता कामा नये. कोण बरोबर ते अजून ठरायचंय.

भारतात मिळेल का? अमेरिकेला नेऊ का?

विकत मिळणारं हे औषध नाही, चाचणीतलं आहे. कोणी 'आणून देतो' म्हणालं तर फोन ठेवून द्या. किरणोत्सारी औषध बॅगेतून येत नाही. भारतात ते वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असलेलं रुग्णालय लागतं. आपल्याकडे ही विद्या नवी नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अणुभट्टीतून आणि वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेतून आयोडीन-१३१, समेरियम-१५३ देशभर जातात. उद्या रेनियमची चाचणी इथे आली तर ती सरकारच्या चाचणी नोंदवहीत, सीटीआरआयवर, दिसेल. ती नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते.

अमेरिकेला जाण्याबद्दल विचाराल तर आधी तिथल्या चाचणी समन्वयकाला ईमेलने रिपोर्ट पाठवा. गाठीचा आकार, जागा आणि रुग्णाची चालण्याफिरण्याची ताकद पाहून बऱ्याच जणांना तिथेच नकार येतो. चाचणीचं औषध फुकट असलं तरी विमान, राहणं, मध्येच आकडी आली तर तिथलं हॉस्पिटल, हे सगळं तुमचं. ज्या माणसाकडे महिने मोजके आहेत त्याला त्यातले दोन परक्या गावच्या लॉजमध्ये घालवायचे आहेत का, हेही विचारा. त्यालाच विचारा.

बाबांना काही सांगितलेलं नाही. चाचणीचा फॉर्म मुलाने भरला तर चालेल?

नाही. शुद्धीवर असलेल्या, समजू शकणाऱ्या माणसाची संमती त्याचीच लागते. आपल्याकडे 'त्यांना टेन्शन नको' म्हणून फाइलवरचं नाव लपवायची रीत आहे, त्यामागची माया मला कळते. पण ज्याच्या कवटीला छिद्र पाडायचं आहे त्याला 'थोडी तपासणी आहे' असं सांगून थिएटरमध्ये नेता येत नाही. समज ढळलेली असेल तर कायदेशीर प्रतिनिधी आणि साक्षीदाराची तरतूद असते. भारतातल्या २०१९ च्या चाचणी नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. आणि कुठल्याही दिवशी, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडता येतं. नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत.

दुसऱ्या मताला जाताना बरोबर काय नेऊ?

बायोप्सीचा रिपोर्ट आणि गाठीचा तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक, स्लाइडसुद्धा. ब्लॉक रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीतून अर्ज करून मिळतात, त्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवा. आयडीएच आणि एमजीएमटी या गाठीच्या जनुकांच्या तपासण्यांचे निकाल. ऑपरेशनच्या आधीपासूनचे सगळे एमआरआय, फिल्म नव्हे, सीडी. स्टिरॉइड आणि आकडीच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा, बेव्हासिझुमॅब घेतलं असेल तर त्याच्या तारखा.

आणि जे बहुतेक सगळे विसरतात ते, पहिल्या शेकाचा प्लॅन. मेंदूच्या कुठल्या भागाला किती ग्रे मिळाले त्याचा नकाशा त्यात असतो. डिस्चार्ज कार्डावर '६० ग्रे, ३० फ्रॅक्शन' (म्हणजे ३० वेळा विभागून) इतकंच असतं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. रेडिएशन विभागाच्या फिजिसिस्टला भेटा आणि 'डायकॉममध्ये आरटी प्लॅन आणि डोस हवा' असं म्हणा (डायकॉम हा अशा फाइलींचा ठरलेला प्रकार, आरटी म्हणजे शेक). हेच शब्द वापरा. काउंटरवरचा माणूस नुसती एमआरआयची सीडी हातात ठेवेल, ती घेऊन निघू नका.